सिवनी सव्वाशे किलोमीटरवर, सिनेमा लॉस एंजेलिसचा

तर झालं असं की भाऊ-वहिनी लग्नाला गेले आणि दोन्ही पोट्टे दोन दिवस माझ्याकडे नागपुरात. बाहेर 45 च्या वर तापून राहिलं, दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही, मग काय करणार, पन्हं केलं, कूलर फुल केला, हॉटस्टार लावलं आणि ‘द जंगल बुक’ पाहिला. तोच 2016 चा, जॉन फॅव्ह्रोवाला, ज्यात मोगली खरा आहे आणि बाकी सगळे कॉम्प्युटरचे. मी तो आला तेव्हाच टॉकीजमध्ये पाहिला होता, एप्रिलात, हिंदीत, थ्रीडीत. पण तेव्हाच्या आणि आताच्या पाहण्यात एक मोठा फरक, यंदा मार्चमध्ये आम्ही पोट्ट्यांना पेंचच्या जंगलात नेऊन आणलं. त्यामुळे या वेळी माझ्या बाजूला दोन तज्ज्ञ बसले होते, एक सात वर्षांची, एक अकराचा, आणि मागे दिवाणावर आमचे बाबा, जे देवलापारकडच्या खेड्यात वाढले आणि ज्यांना कोणत्याच सिनेमातलं कोणतंच झाड पटत नाही.

ज्यांना पाहू की नको एवढंच विचारायचं आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. पाहा. हिंदीतच पाहा. पोट्टं लहान असेल तर जवळ घेऊन बसा. बाकी खाली माझी कुरकुर आहे, लांबलचक, वेळ असेल तर वाचा.

कुरकुर ही की हा आपल्या शेजारचा सिनेमा आहे आणि त्यात आपला शेजार नाही. मूळ पुस्तक रुडयार्ड किपलिंगचं, 1894 चं, त्यात सिवनीच्या टेकड्या आणि वैनगंगा ही नावं सरळ छापलेली आहेत. नागपुरातून निघा, कामठी, कन्हान, मनसर, देवलापार, खवासा आला की मध्य प्रदेश लागलं, मग कुरईचा घाट, मग सिवनी. सव्वाशे-एक किलोमीटर. पुण्या-मुंबईच्या लोकांना मोगली परीकथेतला वाटत असेल, आपल्याला तो शेजारच्या जिल्ह्यातला पोट्टा आहे. नळाला येते ते पाणीसुद्धा पेंचचं. आणि पेंच कन्हानला मिळते, कन्हान जाते वैनगंगेला, आणि आपली नाग नदी, जिच्या पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो, तीही शेवटी तिकडंच जाते. म्हणजे मोगलीच्या नदीत आपण वरून काय सोडून राहिलो ते... जाऊ द्या, पोट्ट्यांना हे सांगितलं नाही मी.

तर सिनेमा सुरू होतो, मोगली फांद्यांवरून सुसाट पळतो, मागे लांडग्यांची पिल्लं, आणि हा पहिला सीन खरंच जबरदस्त आहे, पोट्टे पन्ह्याचा ग्लास तोंडापाशी धरून तसेच बसले. पण मागून आवाज आला, ‘हे कुठचं जंगल होय व?’ मी म्हटलं बाबा, सिवनीचं. ‘एवढं हिरवं तर आपल्याकडं पोळ्यालाही नसते.’ आणि खरं सांगू, एकदा बाबांनी म्हटलं की ते डोळ्यांपुढून जातच नाही. घरांएवढी जाड खोडं, वरून लोंबणाऱ्या वेली, शेवाळ, धुकं, सगळीकडे ओल. आपलं जंगल सागाचं. साग, ऐन, तेंदू, मोह, पळस, बांबू. उन्हाळ्यात निम्मं जंगल उघडं पडतं, खाली पाचोळा असा वाळलेला की खार पळाली तरी पापड मोडल्यासारखा आवाज येतो, आणि मध्येच ते पांढऱ्या सालीचं झाड उभं असतं, गाईड लोक घोस्ट ट्री म्हणतात त्याला, संध्याकाळी पाहिलं तर खरंच पोटात गोळा येतो. एवढं भारी सामान शंभर किलोमीटरवर पडलेलं आहे आणि यांनी काय केलं तर कुठलंही चालेल असं एक हिरवंगार जंगल केलं, आणि त्यात गेंडा सोडला. गेंडा! भाचा म्हणाला, आत्या, गेंडा तर आसामात असतो ना. चौथीच्या पोट्ट्याला समजते ते यांना समजलं नाही.

शेवटी पाट्या सरकतात त्यात स्वतःच लिहून टाकलंय त्यांनी, सिनेमा लॉस एंजेलिसच्या शहरात शूट केला म्हणून. म्हणजे जंगलात कोणी गेलंच नाही. निळ्या पडद्यांसमोर न्यूयॉर्कचा नील सेठी नावाचा पोट्टा एकटा पळून राहिला होता, प्राण्यांच्या जागी बाहुल्या धरून माणसं उभी, आणि बाकी सगळं नंतर भरलं. याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच आहे, मी ते नाकारत नाही. वाघ चालतो तेव्हा त्याचे खांदे एक वर एक खाली होतात आणि वरची कातडी जराशी उशिरा सरकते, सैल कुर्त्यासारखी, हे मी पेंचला दहा-बारा मीटरवरून पाहिलं आणि सिनेमात हुबेहूब तसंच आहे. प्राणी त्यांनी पाहिलेत बारकाईनं. जंगल नाही पाहिलं.

आता इथे मलाच माझ्या भांडणात एक अडचण आहे. किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 ला, वडील तिथं जेजे आर्ट स्कूलमध्ये शिकवायचे, पण मोगलीच्या गोष्टी त्यानं लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँटला, जिथं हिवाळ्यात बर्फ पडतो. सिवनीला तो कधी आलाच नाही असं जाणकार सांगतात, स्टर्नडेल नावाच्या इंग्रजाचं 1877 चं सातपुड्यावरचं पुस्तक होतं त्यावरून त्यानं जंगल उभं केलं. म्हणजे पुस्तक लिहिणारा आला नाही, सिनेमा काढणारा आला नाही, आणि आमच्या लहानपणी दूरदर्शनवर रविवारी लागायचं ते कार्टून तर जपानचं होतं. कोणीच आलं नाही हो. आणि तिकडे तुरिया गेटच्या बाजूला मध्य प्रदेश टुरिझमच्या हॉटेलचं नाव काय तर किपलिंग्ज कोर्ट! न आलेल्या पाहुण्याच्या नावानं खोली राखून ठेवल्यासारखं आहे ते.

असो. शेर खान.

सिनेमा पाहायचा तो यासाठी. इंग्रजीत इद्रिस एल्बाचा आवाज आहे, चांगलाच आहे, पण हिंदीत नाना पाटेकर आहे आणि मग विषयच संपतो. 1993 च्या कार्टूनलाही शेर खान नानाच होता, तेवीस वर्षांनी परत तोच वाघ, फक्त आता वाघ म्हातारा, एका बाजूनं भाजलेला, एक डोळा गेलेला, आणि नानाचा आवाजही तसाच पिकलेला. तो ओरडत नाही. ओरडणारा वाघ पोट्ट्यांना गंमत वाटतो, हा हळू बोलतो. एक सीन आहे, अकेलाला मारून त्यानं टोळीचा ताबा घेतलाय आणि आता तो लांडग्यांच्या पिल्लांमध्ये पाय पसरून लोळून राहिला, आजोबा जसे नातवंडांत बसतात तसा, आणि त्यांना कोकिळेची गोष्ट सांगून राहिला, कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते, मग परकं पिल्लू मोठं होतं आणि घरची उपाशी राहतात. पिल्लं कान टवकारून ऐकतायत, त्यांना वाटतं गोष्टच आहे. आणि रक्षा, त्यांची आई, जराशी दूर उभी, तिला सगळं समजून राहिलं पण ती पुढं येऊन पिल्लू उचलू शकत नाही. एवढंच. नख नाही, दात नाही, रक्त नाही. माझी भाची हळूच सरकून माझ्या मांडीवर आली आणि म्हणाली, ‘आत्या, ती घेऊन काहून नाही जात त्याहिले?’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. अख्ख्या सिनेमात एवढा भीतीचा सीन दुसरा नाही, शेवटची मारामारीसुद्धा नाही.

सेन्सॉरनं याला यू/ए दिलं होतं तेव्हा सगळे हसले होते, मीही हसले होते, पोरांच्या सिनेमाला कसलं यू/ए म्हणून. आता सात वर्षांची पोट्टी बाजूला घेऊन पाहिल्यावर हसायला नाही आलं. अकेलाला तो बोलता बोलता कड्यावरून फेकतो, काही सूचना न देता, एका सेकंदात. मोठा माणूसही दचकतो. पोट्टं लहान असेल तर तिथं रिमोट हातात ठेवा.

पण वाघाच्या बाबतीतही तज्ज्ञांनी हरकत घेतलीच. दुष्काळ पडतो, नदी आटते, तळातला खडक वर येतो आणि मग सगळे प्राणी शिकार बंद करून एका जागी पाणी पितात, हे पुस्तकातूनच आलेलं आहे आणि फार सुंदर घेतलंय. तिथं शेर खान येतो. बाबा म्हणाले, ‘वाघ असा भाषण देत येते का?’ आणि बरोबर आहे त्यांचं, वाघ येणार हे आधी वानरं सांगतात, झाडाच्या शेंड्यावरून खॉक खॉक सुरू होतं, मग चितळ शेपटी वर करून कॉल देतं, गाईड जिप्सी थांबवून बोट वर करतो आणि सगळ्यांचा श्वास बंद. सिनेमात वाघ पार्श्वसंगीत घेऊन येतो. आणि भाची म्हणाली, हा पाण्यात उलटा काहून नाही बसला? कारण मार्चमध्ये आम्हाला जी वाघीण दिसली ती पाणवठ्याशी आली, वळली, आणि पाठीमागून पाण्यात शिरली, आधी बूड, मग पोट, मग पुढचे पाय बाहेर ठेवून बसून राहिली, अगदी आमची आजी टबात बसायची तशी. वाघ बरेचदा असेच बसतात म्हणे, गाईडनं सांगितलं. पोट्ट्यांना आता दुसरा वाघ खोटा वाटतो.

बगीरा ओम पुरींचा, बलू इरफानचा. इरफाननं बलूला थोडा पंजाबी केलाय, आळशी, गोडबोल्या, दुसऱ्याकडून काम काढून घेणारा, आणि मोगलीला कड्यावरचं मध काढायला पाठवतो तो सगळा भाग इतका हलका झालाय की तिथं सिनेमा परत श्वास घेतो. इंग्रजीत बिल मरी आणि बेन किंग्जली आहेत, मी दहा मिनिटं लावून पाहिलं, मग पोट्ट्यांनीच आरडाओरडा करून हिंदीवर आणलं. ओम पुरी 2017 च्या जानेवारीत गेले, इरफान 2020 ला. बाबांना हे लक्षात नव्हतं, बगीरा बोलला की ते म्हणायचे ‘हा ओम पुरी होय ना?’ आणि मी हौ म्हणायची. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मला कसंतरीच झालं. दोघंही नाहीत आणि इथं मजेत गप्पा मारून राहिले.

बलू दिसतो मात्र परदेशी. भुरा, गोलमटोल, केसाळ. आपलं अस्वल काळं, झिपरं, छातीवर पांढरा इंग्रजी व्ही, लांब नखांनी वारूळ फोडून वाळवी ओढणारं, आणि मोहफुलांसाठी जीव टाकणारं. मोह आणि अस्वल म्हटलं की बाबा गंभीर होतात, त्यांच्या आजीबरोबर ते पहाटे मोहफुलं वेचायला जायचे, ‘वाघ वाट सोडते, अस्वल नाही सोडत’, हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकून राहिलो. गळ्यात पडणारं अस्वल पाहून ते दिवाणावर चक्क कूस बदलून झोपले. पुढचा अर्धा तास घोरले. किंग लुई नावाचं ते अवाढव्य माकड येतं आणि उध्वस्त देवळात गाणं म्हणतं तो भाग त्यामुळे त्यांचा सुटला, आणि काही बिघडलं नाही. मूळ गोष्टीत बंदरलोकांना राजाच नसतो, तीच तर त्यांची गंमत, हा राजा 1967 च्या कार्टूनमधून आलाय. तेव्हा तो ओरांगउटान होता, ओरांगउटान भारतात नसतो म्हणून यांनी त्याला जायगँटोपिथेकस केलं, लाखो वर्षांपूर्वी संपलेला वानर. गेंडा चालतो पण ओरांगउटान नको, आणि त्याच्या बदल्यात काय तर नामशेष झालेलं जनावर, वा रे हिशोब.

बाबा उठले ते आगीच्या वेळी. मोगली गावातून मशाल चोरतो, जंगलातून पळत येतो, आणि पळता पळता ठिणग्या पडत जातात, त्याला पत्ता नाही. मागे वणवा. प्राणी आगीला लाल फूल म्हणतात, तो शब्द सिनेमाभर येतो, पण आपल्याकडे वणवा म्हणजे काही जादूची गोष्ट नाही. मोहफुलं नीट दिसावी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, वारा फिरला की गेलं. उन्हाळा सुरू व्हायच्या आधीपासून फॉरेस्टवाले जाळरेषा, म्हणजे आग अडवायचे मोकळे पट्टे, काढत फिरतात ते यासाठीच. बाबा म्हणाले, ‘असंच लागते. कोणाले मुद्दाम लावायचं नसते.’ आणि मग शेवटपर्यंत गप्प बसून पाहिलं त्यांनी. अख्ख्या सिनेमात सिवनीचं काही आलं असेल तर ती ही ठिणगी, आणि मला वाटतं त्यांनाही माहीत नसेल की हे त्यांनी बरोबर पकडलंय.

पुढं शेर खान त्याच आगीत पडतो. पुस्तकात त्याला मोगली म्हशींच्या कळपाखाली तुडवतो, वैनगंगेच्या ओहोळात दोन्हीकडून म्हशी सोडून, आणि माझं ठाम मत आहे की ते जास्त भारी आहे. गुराख्याच्या पोट्ट्याची अक्कल आहे त्यात, विदर्भातल्या कोणत्याही गायकीला, म्हणजे गुराख्याला, पटेल. पण म्हशी दाखवायच्या तर गाव दाखवावं लागलं असतं, माणसं दाखवावी लागली असती, आणि या सिनेमाला माणसं नकोच आहेत. गाव लांबून दिसतं, दिवे चमकतात, बस. आणि शेवटी मोगली जंगलातच राहतो. पेंचला तर उलटं आहे, नागपूर-सिवनी हायवेवर जंगलाच्या पट्ट्यात रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवलीय, वर ट्रक चाललेत आणि खालून वाघ जातो, कॅमेऱ्यात फोटो आलेत त्यांचे. माणूस तिकडं, जंगल इकडं, असं काही तिथं नाहीच.

2018 चा दुसरा मोगली आहे, नेटफ्लिक्सवर, अँडी सर्किसचा. त्यात गाव आहे, शिकारी आहे, शेर खान पुस्तकासारखा लंगडा आहे. हिंदीत जॅकी श्रॉफ. पण तो इतका काळा आणि जड आहे की पोट्ट्यांना लावूच नका, त्यातला एक सीन पाहून मीच टीव्ही बंद केला होता.

अजून दोन तक्रारी. एक, तमिळ झालं, तेलुगू झालं, हिंदी झालं, मराठी काहून नाही? शेर खान वऱ्हाडीत विचार करा फक्त. ‘काय बे मोगल्या.’ वडशाला वैनगंगेच्या काठावर अख्खी झाडीपट्टी रंगभूमी उभी आहे, रात्र-रात्र हजारो लोकांसमोर बोलणारे आवाज आहेत तिथं, एकेकाचा दम असा की माइकची गरज नाही. त्यातला एक घेतला असता तर नानालाही घाम फुटला असता. बरं, थोडा.

दोन, ही सिनेमाची नाही, 2016 मध्ये ज्या मल्टिप्लेक्समध्ये पाहिला त्याची. थ्रीडीचे चष्मे दिले ते आधीच्या शोच्या कोणाच्या तरी पॉपकॉर्नच्या बोटांसकट, पुसावे तर अजून पसरलं, आणि अर्धा सिनेमा मला धुक्यात दिसला. तेव्हा वाटलं होतं जंगलात धुकंच असेल. आता घरी टीव्हीवर पाहिल्यावर कळलं धुकं किती आणि तेल किती. टीव्हीवर थ्रीडी नाही पण काही कमी वाटत नाही, फक्त कूलर सुरू असेल तर आवाज चाळीसवर न्यावा लागतो आणि मग शेर खान गरजला की शेजारच्या काकू गॅलरीत येतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातला एक अख्खा नानाचा.

आणि एक सावधगिरी. सुरुवातीला त्या पाणी प्यायच्या सीनमध्ये मोगली दोरीला कवचाचं भांडं बांधून पाणी काढतो, लांडगे नाराज होतात, अशा माणसाच्या युक्त्या नको म्हणून. आमच्याकडे कोणी नाराज झालं नाही कारण सगळे दुपारी झोपले होते. साडेचारला खोलीत गरम व्हायला लागलं म्हणून उठून पाहते तर भाचीनं स्टीलच्या वाटीला माझ्या परकराची नाडी बांधून ती कूलरच्या टाकीत सोडलेली, नाडी पंपात गुंडाळलेली, पंप जळालेला, आणि ती शांतपणे वाटीतलं उरलेलं पाणी मांजराला पाजून राहिलेली. पंपाचे साडेतीनशे लागले.